स्वमग्नता: शेवटाकडून सुरू झालेले धोरण

भारतातले स्वमग्नतेविषयीचे सरकारी धोरण आईवडिलांच्या मृत्यूच्या धास्तीतून जन्माला आले. ३० डिसेंबर १९९९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला राष्ट्रीय न्यास कायदा हा स्वमग्नतेचे नाव घेणारा देशातला पहिला कायदा. त्याचा गाभा पालकत्वाचा होता: आईवडील गेल्यावर या व्यक्तीची काळजी कोण घेणार आणि तिच्या नावावरचे घर, पैसा कोण सांभाळणार. आरोग्य विमा त्यानंतर आला, लहान मुलांची तपासणी त्याच्याही नंतर, आणि स्वमग्नतेचे स्वतंत्र प्रमाणपत्र तर २०१६ साली. मूल ज्या क्रमाने वाढते त्याच्याशी या क्रमाचा मेळ बसत नाही. दवाखाना, शाळा आणि कचेरी यांच्यात पालकांना जी पायपीट करावी लागते तिचे बरेचसे कारण इथे सापडते.

त्याआधी १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा होता. त्यात सात प्रकार मोजले होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, हालचालींचे अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता त्यात नव्हती. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत या अवस्थेचे वर्णन १९४३ मध्येच केले होते, पण अर्ध्या शतकानंतरही भारतातल्या बहुतेक बालरोगतज्ज्ञांच्या आणि शाळांच्या लेखी असे मूल एक तर मतिमंद असे, नाही तर वाया गेलेले. १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ यांनी ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी केली, ती स्वतः एका स्वमग्न मुलाची आई म्हणून. अशा पालकसंस्थांनी आधी आपसांत माहिती वाटली, मग शाळा काढल्या आणि मग मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवल्या. या क्षेत्रातले धोरण डॉक्टरांनी किंवा अधिकाऱ्यांनी सुचवलेले नाही, ते पालकांनी रेटून घेतलेले आहे, आणि त्याचे गुणदोष दोन्ही त्यात उतरले आहेत.

पालकांच्या बैठकीत पहिला प्रश्न थेरपीचा असतो आणि शेवटचा ‘आमच्या माघारी काय?’ हा. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. मुलाला सही करता येत नसेल किंवा सहीचा अर्थ कळत नसेल, तर त्याच्या नावाचे खाते, विम्याची रक्कम, आजोबांनी ठेवलेला जमिनीचा तुकडा, सगळेच अडते. १९९९ च्या कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी याचा मार्ग काढला. दिवाणी न्यायालयात खेटे घालण्याऐवजी जिल्ह्यातच एक स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे तिचे तीन सदस्य असतात. या समितीने दिलेले पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकांनी स्वीकारावे, अशा रिझर्व्ह बँकेच्याही सूचना आहेत.

तीन माणसांची ही समिती कागदावर जितकी सुटसुटीत, तितकीच प्रत्यक्षात जिल्हाधिकाऱ्याच्या वेळेवर अवलंबून. निवडणूक, पूर, दुष्काळ, बदली यांतून जी तारीख उरेल ती तिची. एखाद्या अधिकाऱ्याला विषयाची आच असली की साचलेले अर्ज एका बैठकीत मार्गी लागतात, त्याची बदली झाली की पुन्हा कागद हलत नाहीत. संस्थेच्या प्रतिनिधीवर गृहभेटीचे काम येते. अर्ज करणारा काका खरोखर पुतण्याला सांभाळणार आहे की त्याच्या वाट्याच्या शेतावर डोळा ठेवून आहे, हे घरी जाऊनच कळते, कारण कागदांवर दोन्ही काका सारखेच दिसतात. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करायचा, असे कायदा सांगतो. पालक झालेल्या आईला मात्र प्रमाणपत्र हातात पडले म्हणजे काम झाले असे वाटते. तिला हे हिशेबाचे कलम कुणी समजावून सांगितलेलेच नसते.

या व्यवस्थेला दुसऱ्या बाजूनेही धक्का बसला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी तो स्वीकारला. करार म्हणतो की अपंग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे, तिच्या वतीने निर्णय घेण्याऐवजी तिला निर्णय घ्यायला मदत करा. त्याला धरून २०१६ च्या कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ आले: ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. १९९९ चा कायदाही रद्द झालेला नाही. त्यामुळे एकाच जिल्ह्यात एकाच तरुणासाठी दोन वेगवेगळ्या कल्पनांवर उभी असलेली दोन पालकत्वे मागता येतात. बोलू शकणारे, लिहू शकणारे स्वमग्न प्रौढ पूर्ण पालकत्वाला विरोध करतात आणि त्यांचे बरोबरच आहे. ज्याला भूक लागली हेही सांगता येत नाही अशा तिशीतल्या मुलाची सत्तरीतली आई हाच कायदा घट्ट धरून बसते, आणि तिचेही चुकत नाही. ‘स्वमग्नता’ या एकाच शब्दाखाली हे दोघेही मोजले जातात, म्हणून एका कलमात दोघांना बसवणे कोणत्याही मसुदाकाराला जमलेले नाही.

राष्ट्रीय न्यासाला केंद्र सरकारने एकदाच १०० कोटी रुपयांचा निधी द्यावा आणि त्याच्या उत्पन्नातून काम चालावे, अशी मूळ रचना होती. देशभरच्या चार अवस्थांमधल्या माणसांसाठी ही रक्कम किती तुटपुंजी होती हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. तरीही तिच्यातून काही चांगल्या गोष्टी उभ्या राहिल्या. २००८ मध्ये सुरू झालेली ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना त्यातली सर्वांत उपयोगी. एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, विम्याआधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या थेरपीचाही काही खर्च मिळतो. खासगी विमा कंपन्या स्वमग्न मुलाचा अर्ज पाहूनच मान हलवत असताना ही योजना आली, हे विसरता येत नाही. दिवसभराच्या सांभाळाची ‘विकास’, आईवडिलांना काही दिवस उसंत देणारी ‘समर्थ’ आणि प्रौढांच्या निवासाची ‘घरौंदा’ या योजना संस्थांमार्फत चालतात. संस्था जिथे आहे तिथे योजना आहे. पुण्या-मुंबईच्या पालकाला पर्याय निवडता येतो, गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पालकाला आधी शहर निवडावे लागते.

प्रमाणपत्राची कथा वेगळीच आहे. १९९९ ते २०१६ अशी सतरा वर्षे स्वमग्नता कायद्यात होती, पण तिचे मोजमाप करून प्रमाणपत्र देण्याची देशभर लागू असलेली पद्धत नव्हती. जिल्हा रुग्णालयातले मंडळ, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘सिव्हिलचे बोर्ड’, मुलाचा बुद्ध्यांक काढून त्याला मतिमंदत्वाचे प्रमाणपत्र देई. ज्याचा बुद्ध्यांक चांगला भरे, तो कोणत्याच रकान्यात बसत नसे. सलग पाढे म्हणणारा, रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ असणारा, पण वर्गात एका जागी दोन मिनिटे न बसणारा मुलगा ‘नॉर्मल’ ठरून रिकाम्या हाताने परत येई. अनेक पालकांनी नाइलाजाने मुलाला मतिमंद लिहून घेतले, कारण प्रवास सवलत आणि शाळेतला प्रवेश त्या कागदावर अवलंबून होता.

मोजमापाचे साधन देशात तयार होते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने २००९ मध्ये भारतीय स्वमग्नता मूल्यांकन श्रेणी तयार केली होती, तिला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘आयसा’ म्हणतात. चाळीस बाबी, सहा गट: सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वर्तनाचे नमुने, संवेदना आणि आकलन. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण. एकूण ७० च्या खाली गुण असतील तर स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. परदेशी चाचण्या महाग, त्यांचे प्रशिक्षण महाग आणि त्यातली खेळणी व प्रसंग परके. त्यापुढे ‘आयसा’ कुणालाही परवडणारी आणि भारतीय घरातले वागणे डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिच्या आधारे प्रमाणपत्र देण्याची अधिसूचना काढली. श्रेणी तयार होणे आणि तिचा शिक्क्यासाठी उपयोग होणे यांत सात वर्षे गेली.

कागदावर मंडळात मानसोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतात. अनेक जिल्ह्यांत यातला शेवटचा माणूसच नसतो, आणि ‘आयसा’ नीट भरायची तर नेमका त्याचाच हात लागतो. चाळीस बाबी विचारायच्या, मुलाला खेळताना पाहायचे, आईचे म्हणणे आणि डोळ्यांना दिसणारे यांत फरक असेल तर पुन्हा विचारायचे, याला निवांत वेळ लागतो. बाहेर बाकावर मात्र हात तुटलेले, डोळे गेलेले, ऐकू न येणारे असे अनेकजण खोळंबलेले असतात. गर्दी, गोंगाट, औषधांचा वास आणि फिरता पंखा यांनी बेजार झालेले मूल जमिनीवर लोळण घेते, तेव्हा त्याचे गुण वाढतात. दुसरे मूल त्याच गोंगाटात घाबरून गप्प बसते आणि ‘शांत आहे’ म्हणून त्याचे गुण कमी पडतात. अनुभवी मानसशास्त्रज्ञ हे ओळखून असतात. म्हणून काहीजण पालकांना मुलाचे घरचे आणि शाळेतले चित्रण मोबाइलवर आणायला सांगतात, जरी कोणत्याही नियमात तसे लिहिलेले नसले तरी. लहान मुलांना आधी तात्पुरते प्रमाणपत्र मिळते, पुढे पुन्हा तपासणी होते. आजन्म राहणाऱ्या अवस्थेसाठी पुन्हापुन्हा रांगेत का उभे राहायचे, हा पालकांचा सवाल रास्त आहे, पण चौथ्या वर्षी तीव्र वाटणारे मूल दहाव्या वर्षी मध्यम असू शकते, हेही खरे.

२०१६ च्या अखेरीस अपंग व्यक्ती हक्क कायदा संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. सातांची यादी एकवीस झाली आणि स्वमग्नता त्यात आपल्या नावाने आली. इंग्लंडने २००९ मध्ये फक्त स्वमग्न प्रौढांसाठी वेगळा कायदा केला आणि सरकारवर राष्ट्रीय आराखडा करण्याचे बंधन घातले. बांगलादेशाने २०११ च्या ढाका परिषदेनंतर या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर नेले आणि २०१३ मध्ये भारताच्या १९९९ च्या कायद्याशी नाते सांगणारा न्यास कायदा केला. जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये याविषयी ठराव केला. भारताने वेगळ्या कायद्याचा रस्ता घेतला नाही, आणि ते शहाणपणाचेच म्हणावे लागेल. प्रत्येक अवस्थेचा वेगळा कायदा झाला असता तर जिल्ह्याच्या एकाच समाजकल्याण कारकुनाच्या टेबलावर आणखी एक फाइल वाढली असती, सेवा वाढल्या नसत्या. उणीव राहिली ती सेवांच्या आराखड्यात. हक्कांची यादी आहे, पण दोन वर्षांच्या मुलापासून चाळिशीच्या माणसापर्यंत कोणत्या वयाला कोणते खाते जबाबदार, हे एका जागी लिहिलेले नाही. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, तपासणी आरोग्याकडे, शाळा शिक्षणाकडे, प्रमाणपत्र पुन्हा आरोग्याकडे, पेन्शन आणि निवास सामाजिक न्यायाकडे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, तरी अंगणवाडी आणि शाळा त्याच्या अखत्यारीबाहेरच आहेत.

किती माणसांसाठी हे सगळे करायचे, हा आकडा धोरणकर्त्याला आधी हवा असतो. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्या प्रश्नावलीत स्वमग्नतेचा रकाना नव्हता. स्वमग्न मूल असलेल्या घरातल्या माणसाने प्रगणकाला जे सांगितले असेल त्याप्रमाणे ते मूल मतिमंद, वाचादोष, मानसिक आजार किंवा ‘इतर’ यांत विखुरले. पुढे ‘इन्क्लेन’ या संशोधन जाळ्याने पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची घरोघरी तपासणी केली. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभरात एक असे त्यातून पुढे आले. एवढे प्रमाण धरले तरी प्रत्येक तालुक्यात शेकड्यांनी मुले असायला हवीत. शाळेच्या नोंदीत ती दिसत नाहीत.

ती का दिसत नाहीत, याचे उत्तर मुलाच्या पहिल्या तीन वर्षांत आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका यांचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. जन्मजात दोष, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि विकासातला विलंब असे सारे ते पाहते. त्याच्या यादीत स्वमग्नताही आहे. दुभंगलेला ओठ, तिरळा डोळा, हृदयातले छिद्र हे पथकाला सापडते, त्यावर शस्त्रक्रिया होते, मूल हसत घरी जाते आणि जिल्ह्याच्या अहवालात त्याचे छायाचित्र येते. स्वमग्नता स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही. नाव घेतल्यावर मान न वळवणे, चंद्र किंवा कावळा दाखवायला बोट न करणे, मिळालेले खेळणे आईला आणून न दाखवणे, या न घडलेल्या गोष्टी आहेत. गर्दीच्या तपासणीत न घडलेले कुणाला दिसणार?

त्यात वयाची एक फट आहे, आणि ती धोरणातली सर्वांत महाग फट असावी. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान स्वमग्नतेसाठी पडताळणी करायला सांगते. २०१८ पासून आशाताई लहान बाळाच्या घरी ज्या ठरावीक भेटी देतात, त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात असतात. म्हणजे लक्षणे स्पष्ट होऊ लागतात त्याच्या थोडे आधी भेटी संपतात. अंगणवाडीत रोज बसणारी मुले तीन ते सहा वर्षांची, तीन वर्षांखालच्यांचा फक्त आहार घरी नेला जातो आणि वजन घेतले जाते. मधल्या काळात मूल व्यवस्थेला एकदाच हमखास भेटते, १६ ते २४ महिन्यांदरम्यानच्या गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोससाठी आणि बूस्टरसाठी. त्या लसीकरण सत्रात चार-पाच प्रश्न विचारायला वेगळे पथक लागत नाही. घरात मात्र त्याच काळात ‘बोलेल हळूहळू, त्याचे वडीलही उशिरा बोलले होते’ हे वाक्य चालू असते, आणि ते बहुधा आजीचे असते म्हणून त्याला वजन असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांविषयी कार्यपद्धती जाहीर केली. सेविकेने विकासाचे टप्पे पाहावेत, शंका आल्यास पुढे पाठवावे, हे त्यात आले. पाठवायचे ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, आणि ते जिल्ह्याच्या गावी. आठवड्याला दोनदा थेरपी हवी असेल तर शेवटच्या तालुक्यातल्या मजूर आईला त्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते. दोन महिन्यांनी ती येईनाशी होते आणि रजिस्टरमध्ये ‘पाठपुरावा नाही’ अशी नोंद होते.

या दरीवर गोव्यात एक उत्तर शोधले गेले. ‘संगथ’ या संस्थेने ब्रिटनमधल्या एका पालककेंद्री पद्धतीला दक्षिण आशियाच्या परिस्थितीत बसवले आणि गोवा व पाकिस्तानातले रावळपिंडी अशा दोन ठिकाणी तिची चाचणी घेतली. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले त्यात होती आणि निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये आले. काम करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य आरोग्यसेवक होते. आई मुलाशी घरातल्या वस्तूंनी खेळते, त्याचे चित्रण होते, मग आई आणि आरोग्यसेविका ते बसून पाहतात: इथे मूल तुमच्याकडे वळले होते, तुम्ही तेव्हा प्रश्न विचारलात, त्याऐवजी थांबला असता तर? आईचे मुलाच्या लयीशी जुळवून घेणे वाढले आणि मूल आपण होऊन अधिक संवाद साधू लागले. आई आणि मूल या दोघांचे एकाच गोष्टीकडे लक्ष असण्याचा वेळ मात्र कमी झाला, म्हणजे सगळीच मोजमापे एका बाजूला झुकली नाहीत. तरीही, तज्ज्ञ मिळेपर्यंत थांबा, या सबबीला या चाचणीने छेद दिला.

तज्ज्ञ आणि तालुका यांच्यामधली पोकळी बाजाराने केव्हाच भरली आहे. जिल्ह्याच्या गावात आता ‘चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटर’च्या पाट्या दिसतात. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पेशल एज्युकेशन असे तिन्ही मिळून महिन्याचा खर्च मध्यमवर्गीय घराचा हप्ता ठरतो. पुनर्वास परिषदेकडे नोंदणी नसलेल्या माणसाला हे काम करता येत नाही, असे १९९२ चा कायदा सांगतो, पण पाटीवर नोंदणी क्रमांक आहे का हे विचारण्याची सवय पालकांना लागलेली नाही. काही ठिकाणी मूळ पेशींच्या इंजेक्शनांवर लाखो रुपये घेतले गेले, तेव्हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी असे उपचार शिफारसपात्र नाहीत, त्यांची जाहिरात हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार मानला जाईल, असे स्पष्ट केले. याहून कमी गाजणारी पण घरोघर पोचलेली सूचना भाषेची आहे. मूल गोंधळेल म्हणून घरी एकच भाषा बोला, आणि शाळा इंग्रजी असल्यामुळे तीच बोला, असे पालकांना सांगितले जाते. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे अधिक मागे पडते, याला संशोधनाचा आधार नाही. मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणारी आई मात्र तोडक्या इंग्रजीत ‘गिव्ह मी’, ‘कम हिअर’ इतकेच बोलू लागते, आणि ओव्या, लाडाचे शब्द, आजोबांशी होणाऱ्या गप्पा हे सगळे घरातून उणे होते. थेरपीचे साहित्य मराठीत फार थोडे आहे, हे त्यामागचे खरे कारण.

शाळेचे दार कायद्याने उघडे आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन अपंग बालके वंचित घटकात आली, म्हणून खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांच्या सोडतीतही त्यांना भाग घेता येतो. तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय आहे. महाराष्ट्रातल्या अनुदानित विशेष शाळा मात्र अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद अशा जुन्या चार खणांत वाढल्या. स्वमग्न मुलाला त्यातला चौथा खण मिळाला. सर्वसाधारण शाळेत गेलेल्या मुलासाठी समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक असतात, पण ते अनेक शाळांमध्ये फिरतात. ज्याला रोजच्या वेळापत्रकातला छोटा बदलही सोसत नाही, त्याला पंधरा दिवसांतून एकदा येणारा शिक्षक हाच एक बदल असतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा आणि माध्यमिक स्तरावर पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. पुढे पदे निश्चित करा म्हणून राज्यांना पुन्हा बजावावे लागले.

शिक्षकांकडून ऐकायला मिळणारा अनुभव असा की स्वमग्न मुलाला वर्गात टिकवणाऱ्या गोष्टी बहुधा बिनखर्चाच्या असतात: फळ्यावर दिवसाचा क्रम चित्रांत मांडणे, घंटा होण्याआधी सांगणे, खिडकीपासून दूरची ठरलेली जागा, परिपाठाच्या गोंगाटातून सूट, आणि वर्गातल्या दोन समजूतदार मुलांना त्याचे सोबती करणे. शहरातल्या शाळा याऐवजी वर्गात मुलासोबत बसणारी ‘शॅडो टीचर’ आणण्याची अट घालतात आणि तिचा पगार पालकांनी द्यायचा असतो. कायद्यात अशी अट कुठेही नाही. परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटे वाढीव वेळ आणि लेखनिक या सवलती केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहेत, राज्य मंडळही सवलती देते. दहावीपर्यंत पोचलेल्या मुलाला त्या मिळतात. अडचण त्यांची, जे चौथीनंतर पटावर असूनही वर्गात नसतात.

रोजगाराचा भाग कायद्यात सर्वांत नेमका आहे आणि प्रत्यक्षात सर्वांत विरळ. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. लेखी स्पर्धा परीक्षा असेल तर या एका टक्क्यात अध्ययन अक्षमता असलेला पदवीधर साहजिकच पुढे जातो. मुलाखत असेल तर नजरेला नजर न देणारा उमेदवार पहिल्या मिनिटाला मागे पडतो, मग तो नोंदी तपासण्याच्या कामात कितीही अचूक असो. खासगी क्षेत्रात काही माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी मुलाखतीऐवजी आठवडाभराचे प्रत्यक्ष काम देऊन माणसे निवडण्याचा प्रयोग केला आहे, सरकारी भरतीच्या नियमांना तो अजून माहीत नाही. केंद्राने २०२१ मध्ये अपंग व्यक्तींसाठी योग्य पदांची जी यादी अधिसूचित केली, तिच्यात स्वमग्नतेपुढे बहुतेक ठिकाणी कंसात ‘सौम्य’ असे लिहिलेले आहे. मध्यम आणि तीव्र स्वमग्नता असलेल्या प्रौढांसाठी उरतात त्या संस्थांच्या कार्यशाळा, जिथे पणत्या रंगवल्या जातात, कागदी पिशव्या आणि राख्या तयार होतात. दिवाळी आणि राखीपौर्णिमेच्या आधी तिथे काम असते. बाकीच्या महिन्यांसाठी ऑर्डर मिळवण्याची जबाबदारी पालकांच्या समितीवर असते, आणि त्या समितीतले बहुतेक सदस्य साठी ओलांडलेले असतात.